टँजरचा थांबा

फेब्रुवारी २०२५ मध्ये रॉटरडॅमच्या मासव्लाक्टे भागात धक्क्याला लागलेल्या एका कंटेनर जहाजावर मी पडताळणीसाठी चढलो. युरोपीय संघाच्या नियमानुसार ५,००० ग्रॉस टन व त्याहून मोठ्या जहाजांच्या २०२४ सालच्या उत्सर्जनाचा पडताळलेला अहवाल ३१ मार्चपर्यंत द्यायचा होता.

चीफ इंजिनिअर गुहागरचे निघाले. माझे आडनाव ऐकताच त्यांनी कंट्रोल रूममध्ये चहा मागवला. बंकरच्या म्हणजे भरलेल्या इंधनाच्या पावत्या, टाक्यांची साउंडिंग म्हणजे पातळीची मापे, रोज दुपारचा नून रिपोर्ट, सारे चोख जुळले. अडले ते डेकच्या लॉगबुकात. नोव्हेंबरमध्ये न्हावा शेव्याहून निघालेले हे जहाज तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे केप ऑफ गुड होपला वळसा घालून मोरोक्कोतील टँजर मेडला आले होते आणि तेथे कंटेनर उतरवून रॉटरडॅमला पोहोचले होते. कंपनीच्या तक्त्यात मात्र युरोपची सफर टँजरपासून सुरू होत होती.

“दोन दिवस बर्थवर होतो, साहेब. मग ते बंदर नव्हे तर काय?” चीफ म्हणाले.

बंदर होतेच, परंतु कंटेनर जहाजांच्या बाबतीत टँजर मेड आणि इजिप्तमधील पोर्ट सैद ईस्ट येथील थांबा हिशेबात धरला जात नाही, कारण तो धरला तर युरोपच्या उंबरठ्यावर माल हलवून मागची सगळी सफर मोजणीतून सुटते. चीफनी रिपोर्टचा कागद उलटा करून स्वतःच आकडेमोड केली. न्हावा शेवा ते टँजर १,५०० टन हेवी फ्युएल, टनाला ३.११४ प्रमाणे ४,६७१ टन कार्बन डायऑक्साइड. युरोपबाहेरून आलेली सफर म्हणून त्याचे निम्मे. आणि जहाजांना उत्सर्जनाचे परवाने, टनामागे एक, घ्यायला लावणाऱ्या योजनेच्या पहिल्या वर्षाची, २०२४ ची, सवलत म्हणून त्याचे ४० टक्के, म्हणजे ९३४ परवाने. तेव्हाच्या भावाने साठ हजार युरोंच्या वर.

“केपचा वळसा आम्ही हौसेने घातला का?” त्यांनी विचारले. मला तो प्रश्न रास्त वाटला, पण जळलेल्या इंधनाला कारण विचारण्याची सोय नियमात नाही. दुरुस्ती कशी करावी हे सांगण्याचीही मला मुभा नव्हती. चूक नोंदवून मी सही केली, आणि चीफनी लगेच ऑफिसला मेल लिहायला घेतला.

गँगवे उतरताना जहाजाचा जनरेटर चालूच होता. धक्क्यावरचे ते उत्सर्जन पूर्ण धरायचे, आणि २०२५ च्या हिशेबात त्याचे परवाने ७० टक्क्यांनी.