आमची वाटचाल: नाताळच्या सुट्टीकडून बर्फाच्या तारखांकडे

पुण्या-मुंबईच्या नवशिक्यांना गुलमर्गला स्कीइंग शिकायला नेणं, एवढंच आमच्या छोट्या कंपनीचं काम. सुरुवातीच्या हंगामांत तुकड्या शाळांच्या सुट्ट्या बघून ठरायच्या. तिथला बर्फ मात्र भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून. ते जोरात आले तर दोन दिवसांत कंबरभर बर्फ, नाही आले तर नुसतं वाळकं गवत. २०२३-२४च्या हिवाळ्यात चिल्लई कलानचे, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या चाळीस दिवसांतले, बहुतेक दिवस कोरडेच गेले. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

म्हणून आता तुकड्या जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच. सात दिवसांपैकी पाच शिकवणीचे, दोन राखीव. हिमवर्षावात श्रीनगरची विमानं रद्द होतात, त्यालाही ते उपयोगी पडतात. टंगमर्गच्या पुढच्या १३ किलोमीटरच्या घाटासाठी चाकांना साखळ्या लावलेली गाडी आदल्या रात्रीच सांगून ठेवतो.

पूर्वी आम्ही सकाळी नऊलाच वर्ग सुरू करायचो. ती चूक होती. उन्हानं वितळलेला थर रात्री गोठतो आणि सकाळी काचेसारखा कडक होतो. त्यावर स्कीच्या कडा बोथट असतील तर नवशिक्याला वेग आवरतच नाही. स्वच्छ रात्रीनंतर आता साडेदहाच्या आधी उतारावर जात नाही. भाड्याची स्की घेताना कडेवरून नख हलकेच आडवं ओढून बघतो: नखाचा भुगा निघाला तर धार आहे. दुपारी उलट अडचण. ओल्या बर्फात तळाखाली पाण्याचा पातळ थर साचतो, स्की चिकटते आणि माणूस पुढे तोंडावर पडतो. त्यावर उपाय मेणाचा. इस्त्रीवर मेण वितळवून तळावर पसरायचं, इस्त्री सतत हलती ठेवायची (मेणातून धूर निघाला म्हणजे ती फार तापली), थंड झाल्यावर पट्टीनं खरवडायचं. ताज्या भुसभुशीत बर्फात तर नवशिक्याची स्की वळतच नाही. अशा दिवशी सगळ्यांनी स्की घालून उतारावर आडवं चढत बर्फ दाबायचा. तासाभरात पट्टा तयार होतो आणि अंगही तापतं.

बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवरच्या पकडीत, घालण्याआधी तळव्याचा बर्फ खरवडलाच पाहिजे. तो राहिला की पकड अर्धवट बसते आणि स्की मध्येच सुटते. मोजे एकच जोड, लोकरीचे. दोन घातले की घडी पडून फोड येतात.

गंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा कोंगडोरीच्या मधल्या स्थानकाहून अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३९५० मीटरवर जातो. वाऱ्यात तो आधी बंद होतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर दिवस आखत नाही. शिवाय नवशिक्यांना गोल्फ मैदानालगतचे सौम्य उतारच योग्य. सराईत गटही मोठ्या हिमवर्षावानंतरचे पहिले दोन दिवस अफरवटच्या मोकळ्या उतारांवर नेत नाही. वाऱ्यानं आडोशाला साचवलेला घट्ट थर खालच्या कमकुवत थरावरून अखंड सुटतो, म्हणजे हिमस्खलन होतं, आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा धोका सर्वांत जास्त. नंतरही प्रत्येकाच्या अंगावर (बर्फाखाली गाडलेल्याचा माग काढणारं) शोधयंत्र, पाठीवर फावडं आणि चाचपणीची काठी असल्याशिवाय कुणी निघत नाही. याबाबतीत आम्ही गिऱ्हाईक गमावायला तयार आहोत.

नोंदणी करताना वजन, उंची आणि पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा. स्की बुटांचा नंबर त्याच मापात असतो, चपलांचा नंबर तिथे कामाचा नाही.