तुम्ही विचारलंत म्हणून : आठवी पुरते कशी?

आमच्याकडे भारतातून कुणीही आलं, की न्यूयॉर्क आणि नायगाऱ्याच्या मधला एक शनिवार माझ्या वाट्याला येतो. आम्ही पेन्सिल्वेनियातल्या लँकेस्टर काउंटीत राहतो, त्यामुळे अमिश लोक (जुन्या चालीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) दाखवायचं खातं माझ्याकडे. रूट ३४० ने गाडी काढायची. राखाडी टपाची घोडागाडी पुढे आली की वेग कमी करायचा. इंटरकोर्स नावाच्या गावाच्या पाटीखाली काकामंडळींना फोटो काढू द्यायचा (काकू तोवर गाडीतून उतरत नाहीत). मग शेताच्या कडेला एका खोलीची शाळा लागते आणि प्रश्न येतोच. गेल्या महिन्यात तो माझ्या चुलतसासऱ्यांनी विचारला. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे आवाज चढलेला. "आठवीनंतर शाळा बंद? मुलगा असो की मुलगी? आणि इथलं सरकार हे चालवून घेतं?"

गाडीत मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ मारून नेते, पण त्या उत्तराने माझंही समाधान होत नाही. म्हणून जरा बैजवार लिहिते.

मी काही अमिश समाजाची अभ्यासक नाही, टॅक्सची कामं करते. आमचं ऑफिस छोटं, आणि जानेवारी ते १५ एप्रिल या सीझनमध्ये निम्मी गिऱ्हाइकं अमिश असतात. कुणी गोठे बांधणारा, कुणी स्वयंपाकघराची कपाटं करणारा, कुणी दूधवाला. स्वतःची मोटार ठेवायची नाही, पण भाड्याच्या मोटारीत बसायला हरकत नाही, म्हणून चारपाच जण मिळून एक व्हॅन करून येतात. काखेत बुटांचा खोका, खोक्यात वर्षभराच्या पावत्या. यांतला एक फर्निचरवाला जाड पुठ्ठ्याची वही आणतो. त्याच्या वहीतल्या बेरजा मी गेली नऊ वर्षं तपासतेय. एकदाच चूक सापडली, ती माझी निघाली.

तेव्हा "अडाणी ठेवतात हो बिचाऱ्यांना" असं कुणी म्हटलं, की मी आधी त्या वहीचं सांगते. पहिली ते आठवी मुलं रीतसर शाळेत जातात. एक खोली, पंचवीस-तीस मुलं, आठही इयत्ता एकत्र. वाचन, गणित, स्पेलिंग, भूगोल, सुवाच्य अक्षर. घरी जी जर्मन बोली बोलतात तिला इथले लोक पेन्सिल्वेनिया डच म्हणतात, शाळेत इंग्रजी, आणि बायबलसाठी थोडी ग्रंथातली जर्मन. म्हणजे पोर आठवीपर्यंत तीन भाषांतून जातं. विज्ञान नावापुरतं, बहुतेक ठिकाणी नाहीच. शिकवणारी बाई बहुधा विशीच्या आतबाहेरची, लग्न न झालेली, आणि तीही अशाच शाळेतून आठवी झालेली. सरकारी शाळांसाठीचा मालमत्ता कर हे लोक भरतात, वर स्वतःच्या शाळांचा खर्चही स्वतःच करतात.

आता आठवीच का? याचं उत्तर आमच्या पाहुण्यांना धर्मग्रंथात हवं असतं. ते तिथे आहेही. या जगाचं शहाणपण देवाच्या लेखी मूर्खपणा, असं बायबलातलं वचन ते सांगतात. गर्व हे त्यांच्याकडे मोठं पाप, आणि पुस्तकी विद्येने तो चढतो अशी त्यांची खात्री. (आपल्याकडे 'विद्या विनयेन शोभते' म्हणतात. विनय आपसूक येत नाही हे आपल्यालाही ठाऊक होतं, म्हणून तर शोभेची गोष्ट काढावी लागली.) पण मला वाटतं खरं कारण वयात आहे. चौदा ते अठरा. बाप्तिस्मा हे लोक तान्ह्या मुलाला देत नाहीत. मोठं झाल्यावर, अठरा ते बाविशीच्या सुमारास, ज्याचा त्याने घ्यायचा. म्हणजे पोराने निवड करण्याआधीची नेमकी ही चार वर्षं. ती बसने लांबच्या हायस्कुलात, हजार परक्या मुलांत, स्पर्धा आणि सामने आणि नाचाच्या पार्ट्यांत गेली, तर पोर परत येणार नाही, ही धास्ती. तीच चार वर्षं बापाबरोबर शेतात किंवा कारखान्यात, आईबरोबर घरात गेली, तर येतं. आणि येतंही. शंभरातली पंचाऐंशीच्या आसपास मुलं अमिशच राहतात. एकेका घरात सहा-सात मुलं, त्यामुळे साधारण वीस वर्षांत लोकसंख्या दुप्पट होते. आज अमेरिकेत अमिश चार लाखांच्या घरात आहेत.

शाळेवरून सरकारशी झालेली भांडणं तीनशे वर्षांची नाहीत, हेही पाहुण्यांना सांगावं लागतं. पंथाचा मूळपुरुष याकोब अम्मान, त्याने १६९३ मध्ये वेगळी चूल मांडली, पण अमेरिकेत शाळेवरून वाजलं ते विसाव्या शतकात. त्याआधी खेड्यातली सगळीच पोरं एका खोलीच्या शाळेत जायची आणि आठवीपर्यंत शिकून कामाला लागायची. अमिश जिथे होते तिथेच राहिले, बाकीचं जग बसमध्ये बसून पुढे गेलं. आमच्याच काउंटीत, ईस्ट लॅम्पीटरला, १९३७ मध्ये छोट्या शाळा मोडून एक मोठी शाळा बांधायचं ठरलं, तिथे पहिली ठिणगी पडली. पुढे १९५० च्या दशकात इथले बाप मुलांना हायस्कुलात पाठवत नाहीत म्हणून तुरुंगात जाऊन आले. १९५५ मध्ये तोडगा निघाला, तो असा की आठवी झालेल्या मुलाने पंधरा वर्षांचं होईपर्यंत आठवड्याला तीन तास वर्गात बसायचं आणि बाकी दिवस घरी काय काम केलं त्याची डायरी लिहायची. गाई धुतल्या, टोमॅटो डबाबंद केले, कुंपण दुरुस्त केलं. झालं शिक्षण.

आयोवात तेवढं सामोपचाराने झालं नाही. नोव्हेंबर १९६५ मध्ये हेझल्टनजवळ अधिकारी बस घेऊन अमिश शाळेवर आले, मुलांना उचलून गावच्या शाळेत न्यायला. मुलं मागच्या दाराने निघाली आणि मक्याच्या शेतात पळाली. तारेच्या कुंपणाकडे धावणाऱ्या पाठमोऱ्या पोरांचा फोटो देशभर छापून आला. त्या एका फोटोने अमिशांना जी सहानुभूती मिळाली, ती शंभर प्रवचनांनी मिळाली नसती.

मग विस्कॉन्सिन. हा खटला चुलतसासऱ्यांना मी पूर्ण सांगितला, कारण माझं म्हणणं त्यातच आहे. तिथे कायद्याने सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची. न्यू ग्लॅरसच्या तीन बापांनी मुलांना आठवीनंतर घरी ठेवलं. दंड झाला पाच-पाच डॉलर. आता पाच डॉलर भरून मोकळं व्हायचं, पण तत्त्वाचा प्रश्न होता. अडचण अशी की अमिश कोर्टकचेरी करत नाहीत. अन्याय झाला तरी दुसरा गाल पुढे, हा त्यांचा धर्म. त्यामुळे लढले दुसरेच. एका ल्यूथरन पाद्र्याने १९६७ मध्ये समिती काढली. वकील कॅथलिक, विल्यम बॉल. आणि मुख्य साक्षीदार तज्ज्ञ म्हणून कोण उभे राहिले, तर प्राध्यापक जॉन हॉस्टेटलर. त्यांचा जन्म अमिश घरातला, इथल्याच, पेन्सिल्वेनियातल्या. बाप्तिस्मा न घेता बाहेर पडले, शिकले, डॉक्टरेट झाले. सरकारी वकिलाने विचारलं, शिक्षण म्हणजे मुलाने जगात आपली जागा मिळवावी म्हणूनच ना? त्यावर हॉस्टेटलर म्हणाले, कोणत्या जगात, त्यावर अवलंबून आहे.

उत्तर लाखमोलाचं, मान्य. पण ते देणारा माणूस आठवीत थांबला असता, तर त्या पिंजऱ्यात तज्ज्ञ म्हणून उभाच राहिला नसता.

१५ मे १९७२ ला सर्वोच्च न्यायालयाने अमिशांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश बर्गर यांनी त्यांच्या कष्टाळूपणाची, कायदा पाळण्याची भरपूर तारीफ केली आणि तीनशे वर्षांच्या परंपरेचा हवाला दिला. काल उगवलेल्या पंथाला ही सवलत मिळणार नाही, हेही सुचवून ठेवलं. वेगळा सूर लावला तो न्यायमूर्ती डग्लस यांनी. त्यांचं म्हणणं, आईबापांचा हक्क ऐकला, पण मुलांना कुणी विचारलं? उद्या एखाद्याला पियानो वाजवायचा असेल, अंतराळवीर व्हायचं असेल, तर? तीन मुलांपैकी साक्ष झाली होती एकीचीच, फ्रीडा योडरची. पंधरा वर्षांच्या त्या मुलीने सांगितलं होतं की आपला धर्मच आपल्याला हायस्कुलात जाऊ देत नाही. डग्लस म्हणाले, हिच्यापुरता निकाल मान्य, बाकी दोघांचं काय? सात न्यायमूर्तींत हे विचारणारे ते एकटे.

तर "आठवी पुरते कशी" याचं माझं उत्तर हे की पुरते, कारण पुढचं शिक्षण दुसऱ्या कुणीतरी घेऊन ठेवलेलं असतं. वकील बाहेरचा, प्राध्यापक बाहेर गेलेला. आमच्याकडे मुलांच्या आनुवंशिक आजारांचा दवाखाना आहे, क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन, १९८९ पासूनचा. पिढ्यानुपिढ्या आपसात लग्नं झाल्यामुळे काही दुर्मीळ आजार या समाजात जास्त. एक असा की वेळेत कळला नाही तर तान्ह्या बाळाच्या मेंदूला कायमची इजा होते. तो दवाखाना बांधायला अमिश सुतार हातोडे घेऊन आले, पैसाही उभा केला. ज्या डॉक्टरांनी तो काढला, ते डॉ. होम्स मॉर्टन, हार्वर्डचे. अमिशांमधून डॉक्टर येणार नाही. आठवीतून डॉक्टर निघत नाही.

आणि मी. सोशल सिक्युरिटीतून (सरकारची म्हातारपणच्या पेन्शनची योजना) अमिशांना १९६५ पासून सूट आहे, म्हातारपणी समाज बघेल म्हणून. ती सूट मिळवायचा फॉर्म ४०२९. तो त्यांच्यासाठी भरते भारतातून एम.कॉम. करून आलेली बाई.

चुलतसासरे एवढं ऐकून म्हणाले, "आपल्याकडे बरं, कायदाच आहे." आहे ना. २००९ चा शिक्षणहक्क कायदा. सहा ते चौदा वर्षं. पहिली ते आठवी! त्यांनाही हसू आलं. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा त्यातून वगळलेल्या आहेत, हे मुख्याध्यापक असून त्यांच्या ध्यानात नव्हतं.

माझ्या ध्यानात आहे ते मामेभावामुळे. मुंज झाल्यावर आठव्या वर्षी त्याला पाठशाळेत घातला. मामांची हौस, थोडी ऐपतीची अडचणही. बारा वर्षं पहाटे उठून संथा. आजही त्याला कुठलंही सूक्त मधूनच विचारा, पुढचं पद तयार. डोंबिवलीत त्याचं उत्तम चाललंय, गणपतीत तर फोन उचलायला फुरसत नसते. पण चोविसाव्या वर्षी त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने १७ नंबरचा फॉर्म भरला आणि बाहेरून दहावीला बसला. सेंटरवर पर्यवेक्षकांनी त्याला पालक समजून गेटबाहेर काढलं होतं. बीजगणितासाठी मला रात्री फोन करायचा. एकदा म्हणाला, "ताई, मला मंत्र पाठ करायचा कंटाळा कधीच नव्हता गं. पण एकदा तरी कुणी विचारायला हवं होतं." पास झाला. पुढे काही केलं नाही. मार्कलिस्ट देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे.

इथे पंथ सोडून बाहेर पडलेल्या अमिश मुलांनाही असंच करावं लागतं, हायस्कुलाच्या तोडीची जीईडी परीक्षा. बाप्तिस्म्याआधी निघालं तर वाळीत टाकत नाहीत, घरी येणंजाणं राहतं. पण एकोणिसाव्या वर्षी हातात आठवी. गवंडीकाम, छप्परकाम, सुतारकाम, यापलीकडचं दार उघडायचं तर आधी चार वर्षं भरून काढायची, तीही परमुलखात असल्यासारखी. राहणाऱ्याला आठवी पुरते. जाणाऱ्याला पुरत नाही, आणि कोण जाणार हे चौदाव्या वर्षी कुणालाच माहीत नसतं. मला हा समाज आवडतो, त्यांच्या गिऱ्हाइकीवर माझं पोट चालतं, तरी या एका बाबतीत मी डग्लस यांच्या बाजूची.

त्या फर्निचरवाल्याची मुलगी दोन वर्षं त्याच्याबरोबर यायची. सोळा-सतराची, पांढरी टोपी, निळा झगा, टाचण्यांनी बंद केलेला. वही तीच लिहायला लागली होती, अक्षर ओळीला धरून, सातच्या पोटात रेघ. मागच्या सीझनला बाप बाहेर व्हॅनवाल्याशी बोलत होता, तेव्हा माझ्या स्क्रीनकडे बघत तिने विचारलं, "हे यायला किती वर्षं शिकावं लागतं?" मी बोटांवर मोजून म्हटलं, सतरा. तिला बोटं लागली नाहीत. "म्हणजे माझ्यापुढे नऊ." मग टेबलावरची टॅक्सच्या सूचनांची पुस्तिका दाखवून म्हणाली, जुनी असेल तर नेऊ का? मी दिली. शंभरावर पानं, बारीक टाइप, कुणीही आपखुशीने वाचू नये अशी.

यंदा बाप एकटाच आला. वहीतलं अक्षर वेगळं, धाकट्या मुलाचं असावं, दोन बेरजा चुकलेल्या. मी विचारलं, मुलगी बरी आहे ना?

"शाळेत शिकवते आता," तो म्हणाला. "एकोणतीस मुलं आहेत तिच्याकडे."

आणि हॅट उचलता उचलता त्याला आठवलं. ती पुस्तिका तिच्यापाशीच आहे, परत हवी असेल तर पाठवीन म्हणाला. आठवीच्या मुलांना टक्केवारी शिकवायला तिला ती बरी पडते.