आवाज कुठे गेला?

अमेरिकन ऑपेरा गायिका रेने फ्लेमिंगचा रॉक गाण्यांचा अल्बम 'डार्क होप' (२०१०) ऐकून आज एकाने विचारलं, "ही ऑपेरावाली ना? मग आवाज कुठे गेला हिचा?"

कुठे जाणार! ऑपेरात माइकशिवाय ऑर्केस्ट्रा ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. त्यासाठी कमावलेली धार स्टुडिओतल्या वीतभरावरच्या, बारीक आवाजही टिपणाऱ्या कंडेन्सर माइकला टोचते. जोर केला की प्रीअँपमध्ये (माइकचा सिग्नल वाढवणारं यंत्र) आवाज फाटतो, कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारं यंत्र) सगळं चेपून टाकतो. म्हणून पट्टी बरीच खाली आणायची, बोलण्याच्या आवाजात गायचं. आणि सेकंदाला पाच-सहा हेलकावे घेणारा व्हायब्रेटो (सुराचं कंपन) आवरायचा. हे सर्वांत अवघड, कारण तो आता आपोआप येतो!

माइकजवळ हळू गायला श्वासावर ताबा जास्तच लागतो. मग माइकवरच्या अशा रॉक गाण्याला 'सोपं गाणं' का म्हणतात?