सीआरपीएस आणि स्टेरॉईडची योग्य वेळ

सूज उतरवणारे औषध म्हटले की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आठवते, आणि मनगट मोडल्यावर माझ्या सासूबाईंनाही सुरुवातीला याच गोळ्या मिळत होत्या. प्लास्टर निघाले तेव्हा हाड नीट जुळलेले होते. पंजा मात्र सुजलेला, लालसर आणि दुसऱ्या हाताच्या मानाने गरम होता, आणि पदराचा काठ घासला तरी त्या कळवळत. दुखापतीच्या मानाने कितीतरी अधिक असणाऱ्या आणि लांबत जाणाऱ्या या वेदनेला कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, थोडक्यात सीआरपीएस, म्हणतात.

हॅम्बुर्गचे शल्यचिकित्सक पॉल सुडेक यांनी १९०० साली अशा अवयवांतील हाडांची झीज वर्णिली तेव्हा तिच्या मुळाशी दाह, म्हणजे सूज, लाली आणि उष्णता आणणारी शरीराची प्रतिक्रिया, असल्याचे मानले होते. पुढे बराच काळ सगळा दोष अनुकंपी मज्जासंस्थेला, म्हणजे रक्तवाहिन्या आकसणे, घाम येणे अशा आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या मज्जातंतूंना, दिला गेला. आज पुन्हा दाहाकडे लक्ष वळले आहे, कारण आजाराच्या आरंभी दुखऱ्या अवयवात टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण वाढलेले आढळते, आणि मज्जातंतूंची टोकेच ‘सबस्टन्स पी’सारखी द्रव्ये सोडून रक्तवाहिन्या रुंदावतात व सूज वाढवतात. नेहमीच्या गोळ्यांचा रोख मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन या वेदना व सूज वाढवणाऱ्या द्रव्यांवर असल्याने त्या येथे तोकड्या पडतात.

हा फरक लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट दिसतो. पक्षाघातानंतर सीआरपीएस झालेल्या ६० रुग्णांपैकी निम्म्यांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड आणि निम्म्यांना पिरॉक्सिकॅम ही वेदनाशामक गोळी देण्यात आली. महिन्याभराने स्टेरॉईड घेणाऱ्यांपैकी ८३.३ टक्क्यांमध्ये लक्षणीय सुधारणा होती, पिरॉक्सिकॅम घेणाऱ्यांपैकी केवळ १६.७ टक्क्यांमध्ये. अभ्यास लहान आहे आणि ते रुग्ण हाड मोडलेले नव्हते, त्यामुळे हे आकडे सासूबाईंना जसेच्या तसे लावणे बरोबर नाही. तरीही डॉक्टरांनी मर्यादित काळासाठी स्टेरॉईड सुचवले तेव्हा माझी भीती यामुळे बरीच कमी झाली. (‘स्टेरॉईड’ ऐकताच नातेवाईकांनी फोनवरून दिलेल्या सल्ल्यांविषयी न लिहिलेलेच बरे.)

माझ्या मते खरा प्रश्न औषधाइतकाच वेळेचाही आहे. हात गरम आणि सुजलेला असतो तोवर दाह शमवण्याला अर्थ आहे. पुढे अनेकांचा हात थंड पडतो, त्वचा पातळ व निळसर होते, सांधे आखडतात, आणि तेव्हा स्टेरॉईडकडून फारशी आशा ठेवता येत नाही. ‘हाड जुळले आहे, दुखणे हळूहळू जाईल’ या धीरात नेमका हाच काळ निसटतो.

सासूबाईंना मधुमेह असल्याने औषध चालू असताना साखरेवर रोज लक्ष ठेवावे लागले, आणि मात्रा एकदम न थांबवता टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आली. हाडांची झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटातील औषधांचाही पर्याय असतो, आमच्यावर ती वेळ आली नाही. सूज ओसरू लागताच फिजिओथेरपिस्टने बोटे हलवण्याचे व्यायाम, निरनिराळ्या पोतांचे कापड हातावर फिरवणे आणि आरशात चांगल्या हाताची हालचाल पाहत करायचा सराव सुरू करून दिला, कारण गोळीने दुखणे सुसह्य झाले तरी न वापरलेला हात आखडतोच. कणीक मळणे त्यांनी स्वतःहून त्या व्यायामांत घातले, आणि त्याला कोणाचीच हरकत नव्हती.