दोन्ही हेडलाइट एकदम गेले तर आधी बल्ब बदलू नका: बीड ते अंबाजोगाई, डिसेंबरची रात्र

बीडमध्ये चौदाशे रुपये मोजून दोन नवे बल्ब टाकले आणि तासाभरात नेकनूरच्या अलीकडे पुन्हा अंधार. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्राला गाडी घेऊन जाणारे खूप असतात. निदान त्यांचे तरी पैसे आणि जीव वाचावेत म्हणून लिहितोय.

संभाजीनगरहून निघायलाच चार वाजले. शहागडला गोदावरी ओलांडली, गेवराई मागे पडलं, तिथपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. गढी गावाजवळ दिवे लावले. वीसेक मिनिटांनी, बीडमध्ये शिरताना, दोन्ही डिपर, म्हणजे हेडलाइटचा खाली पडणारा जवळचा झोत, एका क्षणी गेले. पार्किंगचे दिवे चालू, अप्परही, म्हणजे लांबचा झोत, लागत होता.

रस्त्यालगतच्या गॅरेजवाल्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "साहेब, दोन्ही बल्ब उडालेत." माझी गाडी नऊ वर्षांची, बल्ब एच-फोर. त्याची एक फिलामेंट ५५ वॅटची डिपरसाठी, दुसरी ६० वॅटची अप्परसाठी. डिपरची फिलामेंट जाऊन अप्पर शाबूत राहू शकतो, म्हणून मला ते पटलं. पण दोन्ही बाजूंच्या फिलामेंट एकाच क्षणी कशा जातील, हे तेव्हा विचारायला हवं होतं. पाऊण तासाने नवे बल्ब बसले, दिवे लागले, पैसे दिले. जुने बल्ब तेवढे मागून घेतले. तुम्हीही मागून घ्या. देत नसेल तर पैसे देऊ नका.

मांजरसुंब्याचा घाट दिव्यात पार झाला. चौकातून केजच्या रस्त्याला लागलो आणि काही किलोमीटरवर पुन्हा तेच.

या पट्ट्याबद्दल स्पष्ट सांगतो: साखर कारखान्यांच्या हंगामात मांजरसुंबा ते केज अंधारात जाऊ नका, दिवे चांगले असले तरी नको. उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडलेल्या असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. पंधरा-वीस फुटांवर आल्यावर दिसतं की समोर काहीतरी आहे. अप्पर लावून चालवावं म्हटलं तर समोरच्या ट्रकवाल्याचे डोळे दिपतात आणि तो आपल्याच अंगावर येतो. मागे आई बसलेली. हॅझर्ड लावून, डावी चाकं मातीवर ठेवून, बैलगाडीच्या चालीने नेकनूर गाठलं. एवढी भीती मला कुठल्याच घाटात वाटलेली नाही.

तिथे ट्रॅक्टर दुरुस्तीचं एक दुकान उघडं होतं. वयस्कर मिस्त्री. जुने बल्ब हातात घेतले, बॅटरीला दोन वायरी लावून एकेक टेकवून बघितला. दोन्ही लख्ख पेटले.

"हे तर चांगलेत की. कामून बदलले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मिस्त्रीकाकांनी टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे करंट आला की पेटणारा छोटा दिवा. त्याचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला आणि टोक फ्यूजच्या दोन्ही पायांना. दोन्हीकडे करंट, म्हणजे फ्यूज ठीक. बल्बच्या कपलरला, म्हणजे बल्बमागे बसणाऱ्या वायरीच्या प्लगला, करंट नाही. मग रिलेवर, म्हणजे दिव्यांचा करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीवर, बोट ठेवून मला दिवे चालू करायला लावले. रिलेचा टिक आवाजच येईना. शेजारचा हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो काढून डिपरच्या जागी बसवला. दोन्ही दिवे लागले! आई गाडीतून हात जोडून बघत होती.

रिलेतला सोल्डरचा टाका तडकला होता. थंड असताना धरायचा, तापला की सोडायचा. बीडमध्ये पाऊण तास गाडी उभी होती, तो थंड झाला आणि श्रेय नव्या बल्बांना गेलं. काकांनी शंभर रुपये घेतले. हॉर्न नव्हता, पण अंबाजोगाईला सुखरूप पोहोचलो. सकाळी तिथे रिले १८० रुपयांना मिळाला.

आता माझं ठाम मत. एकच दिवा गेला तर बल्ब बघा. दोन्ही एकदम गेले तर आधी फ्यूज, मग रिले, मग स्टिअरिंगजवळचा स्विच आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर, बल्ब शेवटी. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज असतात. तसं असेल तर दोन्ही फ्यूज सोबत उडणं अवघड, मग थेट रिलेकडे जा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतल्या बाजूला कुठला फ्यूज-रिले कशाचा याचा नकाशा असतो, तो घरीच, उजेडात पाहून ठेवा. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. मोठा टाकला किंवा तार गुंडाळली तर वायरिंग जळतं. बल्ब बदलताना काचेला बोट लावू नका. हाताचं तेल लागलं की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. ९०-१०० वॅटचे बल्ब कोणी कितीही गळ घातली तरी नको, त्याने कपलर वितळतो.

डिकीत एक रिले, चार फ्यूज, एक बल्ब, टॉर्च आणि टेस्ट लॅम्प ठेवा. सगळं मिळून त्या चौदाशेपेक्षा कमीत येतं.

पुढचे दोन दिवस अंबाजोगाईत छान गेले. दर्शन झालं, मुकुंदराजांची समाधी पाहिली. परतताना सकाळी आठलाच निघालो आणि नेकनूरला थांबून काकांना प्रसाद दिला.