मोत्याची पेज

दोन दिवस मोत्याला हगवण. बंदरावर सुकत घातलेले बांगडे चोरून खाल्ले, दुसरं काय! म्हणून आज मालवणहून कुडाळला नेला. मी शहाणा, घरात उरलेली अ‍ॅमॉक्सिसिलिनची अर्धी स्ट्रिप खिशात घेऊनच गेलो. डॉक्टरीणबाईंनी ताप घेतला, हिरड्या दाबल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. "ताप नाही, रक्त नाही, अंगातलं पाणीही ठीक. अँटिबायोटिक कशाला? पोटातले चांगले जिवाणू मारायला?" स्ट्रिप बघितल्यावर तर झापलंच मला. अपुऱ्या डोसाने जंतू निर्ढावतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं म्हणे. औषध काय, तर मऊ पेज, बिनमिठाची.

आई म्हणते, "एवढ्या लांब जाऊन पेजच?"

मोत्या तिसऱ्यांदा वाटी चाटतोय.