पंधरा किलोत मसाई मारा

"अगं, ही बॅग रिकामीच ३ किलो ६०० भरतेय!" हुकाचा वजनकाटा डोळ्यांसमोर धरून नवरा म्हणाला. मी तीच बॅग गेली चार वर्षं मोठ्या कौतुकाने मिरवत होते. आत जाड फोम, खाली चाकं, वर ओढायची दांडी. ताडोब्याला गाडीने जाताना तिचं वजन कधी जाणवलंच नव्हतं. या वेळी मात्र प्राण्यांचे फोटो काढायला केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात, नैरोबीहून छोट्या विमानाने जायचं होतं आणि तिकिटावर स्पष्ट लिहिलं होतं: माणशी १५ किलो, हातातलं सामान धरून, बॅगा मऊच हव्यात.

"हातातलं सामान धरून" हे शब्द नीट वाचा. मी वाचले नव्हते. १५ किलो वेगळे आणि खांद्यावरची कॅमेऱ्याची बॅग वेगळी, असं मी मनाशी धरून चालले होते.

मग एका रविवारी दिवाणखान्यात जुनी चादर अंथरली आणि एकेक वस्तू तोलून आकडे कागदावर मांडले. निकॉनचे दोन कॅमेरे: डी५०० बॅटरीसकट ८६० ग्रॅम, डी७५०० ७२०. लांबचं टिपणारी २००-५०० मिमीची झूम लेन्स २ किलो ३००, जवळची १६-८० ची ४८०. दुर्बीण ७००. चार्जर, जादा बॅटऱ्या, मेमरी कार्डं, वायरी मिळून ८००. लॅपटॉप दीड किलो. हे सगळं त्या लाडक्या बॅगेत भरलं की झाले ११ किलो. म्हणजे सात दिवसांचे कपडे, औषधं, स्वेटर आणि चपला यांना उरले ४. (माराला ऑगस्टमध्ये पहाटे चांगलंच गार असतं, "आफ्रिका म्हणजे उकाडा" हे डोक्यातून काढा.)

पहिली कात्री बॅगेलाच लावली. साधी कापडी पाठपिशवी घेतली, जुन्या बॅगेतले फोमचे कप्पे काढून त्यात बसवले. वजन ९०० ग्रॅम. दुसरी कात्री लॅपटॉपला, त्याऐवजी नेहमीपेक्षा चार कार्डं जास्त घेतली. आता बॅग पावणेसात किलोची झाली. याचा आणखी एक फायदा म्हणजे मुंबईच्या काउंटरवर हातातल्या सामानाच्या ७ किलोच्या मर्यादेतही ती बसली. आमच्या पुढच्या गृहस्थांची बॅग काट्यावर ठेवायला लावली, तेव्हा मी मनातल्या मनात त्या चादरीला नमस्कार केला.

५०० मिमी एफ/४ ही मोठी लेन्स भाड्याने न्यायचा मोह मलाही झाला होता. ती एकटी लेन्स ३ किलोच्या वर जाते. मारात गाड्यांना प्राण्यांच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं. झूम लेन्सने माझं काहीही अडलं नाही, उलट सिंहीण गाडीच्या सावलीत येऊन बसली तेव्हा २०० मिमीसुद्धा जास्तच झालं. ट्रायपॉड तर मुळीच नको. गाडीत तो उभाच राहत नाही. लेन्स टेकवायच्या बीनबॅगची नुसती खोळ न्यायची, कॅम्पच्या स्वयंपाकघरात मागितलं की तिथले लोक मका नाहीतर राजमा भरून देतात. निघताना परत करायचा. ड्रोन घरीच ठेवा, परवानगीच्या भानगडीत आठवडा जाईल.

बॅटऱ्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या गटातल्या तिघांनी त्यांच्याबद्दलच विचारलं. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक कधीही चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, त्या हातातच हव्यात. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. आपल्या कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १४ ते १६ वॉट-तासांची असते, त्यामुळे ती चिंता सोडा. पॉवर बँकेवर वॉट-तासांचा आकडा नसेल तर मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ भागिले १०००. वीस हजारची झाली ७४. सगळेच आकडे पुसट झालेली पॉवर बँक मात्र नेऊच नका, तपासणीत ती हमखास बाजूला काढतात. टोकं उघडी राहणार नाहीत अशा बेताने प्रत्येक बॅटरी वेगळी ठेवा. मी जुन्या चष्म्याच्या घरात ठेवते.

निघताना मुंबईला कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. कॅमेरा आणि लेन्सचे सिरीयल नंबर आणि बिलं जवळ लागतात. थोडा वेळ जातो, पण परतताना "हे तिकडे घेतलं का?" या प्रश्नाचं उत्तर खिशात असतं. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्डही याच बॅगेत ठेवा. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

मुंबईहून नैरोबीला मोठं विमान जोमो केन्याटा विमानतळावर उतरतं. माराची छोटी विमानं सुटतात विल्सन विमानतळावरून. दोन्ही एकाच शहरात असले तरी मधला रस्ता नैरोबीच्या ट्रॅफिकमधून जातो. त्यामुळे त्याच दिवशी जोडणी करण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. रात्र नैरोबीत काढली आणि नको असलेलं सगळं तिथल्या हॉटेलात ठेवलं.

विल्सनला काटा जमिनीलगतचा, आपल्याकडे धान्याच्या दुकानात असतो तसा. आमच्या दोघांच्या बॅगा एकत्रच ठेवल्या, खांद्यावरची पिशवी आणि गळ्यातला कॅमेराही काढायला लावला. आकडा आला २५ किलो २००. नवऱ्याला फोटोग्राफीचा अजिबात नाद नाही, हा त्याचा गुण त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडला. शेजारच्या रांगेत एक जोडपं कडक कवचाच्या दोन पेट्या उघडून सामान कापडी पिशव्यांत कोंबत होतं.

मऊ बॅगेचा आग्रह का, ते विमानाजवळ गेल्यावर कळलं. आमचं विमान सेसना कॅराव्हॅन, एक इंजिन, डझनभर माणसं. सामान पोटाखालच्या एका लांबट पेटीत जातं, तिची दारं बुटकी. कडक पेटी तिथे वाकत नाही. आत डोक्यावर कप्पे नाहीतच. आणि वजनाची कुरकुर उगाच नाही. विल्सनची धावपट्टी कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंचावर आहे. तिथली हवा विरळ, उन्हात आणखी विरळ होते, त्यामुळे विमानाला उचल कमी मिळते. कोणी कुठे बसायचं हेसुद्धा कधी कधी पायलटच सांगतो. तेव्हा काउंटरवरच्या माणसाशी दोन किलोंसाठी वाद घालू नका. खरंच मोठी लेन्स न्यायची असेल तर आधीच विचारून सामानासाठी जादा सीट विकत घेता येते.

जागा निवडता आली तर मागे बसा. पंख वर असल्याने खाली छान दिसतं, पण पुढच्या सीटवरून पंखाचा तिरका टेकू प्रत्येक फोटोत येतो. लेन्सवर चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर असेल तर काढून ठेवा, खिडकी प्लास्टिकची असते आणि तो लावला की फोटोत इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात. लेन्स खिडकीला टेकवू नका, थरथर सगळी कॅमेऱ्यात उतरते. न्गोंग टेकड्या ओलांडल्या की जमीन एकदम खाली जाते आणि रिफ्ट व्हॅली ही भलीमोठी खचदरी सुरू होते. तिथे १६-८० गळ्यात हवी, मोठी लेन्स पायाशी.

पाऊण तासाने विमान एका मुरमाच्या धावपट्टीवर उतरलं. मी उठले, तर पायलटने मागे वळून आम्हाला बसायची खूण केली. एकच विमान तीन-चार पट्ट्यांवर माणसं सोडत जातं आणि क्रम रोज बदलतो. आपल्या पट्टीचं नाव पाठ असू द्या. आमची ओल किओम्बो. तिथे उतरण्याआधी विमान पट्टीवरून एकदा अगदी कमी उंचीवरून गेलं, झेब्रे पळाले, मग वळसा घालून टेकलं.

चूक केली ती परतताना. पट्टीवर सगळ्यांच्या बॅगा रांगेत ठेवल्या होत्या, त्यांच्यात मी कॅमेऱ्याची पिशवीही ठेवली आणि मणी विकणाऱ्या मसाई बाईशी बोलत बसले. विमान आलं, पंखा थांबायच्या आत लाल धुळीचा लोट अंगावर आला, आणि मी वळेपर्यंत पिशवी पोटाखालच्या पेटीत गेली होती. चूक माझीच. विल्सनला चेन उघडली तेव्हा तिच्या दातांत तांबडी रेघ आणि डी७५०० च्या सेन्सरवर तीन ठिपके. पिशवी कायम खांद्यावर ठेवा, विमान दिसलं की त्याच्याकडे पाठ करून उभे राहा, आणि पट्टीवर लेन्स बदलू नका. धुळीसाठी प्लास्टिकच्या पिशव्याही नेऊ नका, केनियात २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे. मी दोन उशांचे अभ्रे नेले होते. गाडीत कॅमेऱ्यावर टाकायला आणि पुसायला त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही.

आणखी एक. जाताना सकाळचं विमान घेतलं तर हवा शांत मिळते. आमचं परतीचं दुपारी होतं आणि रिफ्ट व्हॅलीवर ते असं उसळत होतं की दोन किलोंची लेन्स मांडीवर धरून ठेवायला दोन्ही हात लागले.

हीच कापडी पिशवी आता मी जबलपूरच्या छोट्या एटीआर विमानालाही नेते. त्यातले वरचे कप्पे उथळ असतात, चाकांच्या बॅगा बऱ्याचदा शिडीपाशीच काढून घेतात. ही चेपून सीटखाली जाते.

परतीला मारातही वजन झालं, पट्टीवरच्या झाडाला टांगलेल्या काट्यावर. आम्ही ३० किलो ६०० भरलो. राजमा तर परत दिला होता, मग हे आलं कुठून, म्हणून मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने निमूट बॅगेतून केनियातल्या किसी भागातल्या मऊ दगडाचा कोरीव पाणघोडा काढला, जॅकेटच्या खिशात घातला आणि काट्यावरच्या माणसाला म्हणाला, "आता बघा." तो माणूस हसला आणि त्याने आकडा लिहून घेतला.